सुरुंग काढणाऱ्याचे शौर्य



मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांचे काम गेले आणि त्याबरोबर माझी शाळाही गेली. पुढे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून, रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी. तेव्हा रणांगणावरील शौर्यासारख्या विषयावर बोलण्याचा मला काय अधिकार, अशी शंका आपल्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. त्या शंकेत मीच आणखी भर घालतो. गेली तीसहून अधिक वर्षे मी कामगारांना एकच गोष्ट सांगत आलो आहे, की बाबांनो, धाडस करू नका. चालू यंत्रात हात घालू नका, कमरेला पट्टा बांधल्यावाचून उंचावर चढू नका, गटारात उतरण्यापूर्वी आत हवा कशी आहे ते पाहून घ्या. धाडसाची निंदा करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने शौर्याची स्तुती कोणत्या तोंडाने करावी?

हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. त्याचे उत्तर मला एका सैनिकाच्या प्रशस्तिपत्रात सापडले, आणि तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. हा सैनिक म्हणजे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, परमवीरचक्राचे मानकरी. परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वी एक लहानशी हकीकत सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून माझे म्हणणे नीट कळणार नाही.

फसलेला बार

विशीत असताना मी एका दगडखाणीवर कामाला होतो. खाणीत खडकाला भोके पाडून त्यांत दारू भरतात आणि बार उडवितात. दहा बार लावले तर दहा आवाज मोजावे लागतात. एके दिवशी आवाज नऊच झाले. दहावा बार फसला होता. अशा वेळी नियम असा, की ठराविक काळ कोणी जवळ जावयाचे नाही. नंतरही माहीतगार माणसानेच जावयाचे आणि जुन्या भोकात हात न घालता बाजूला नवे भोक पाडून तो बार उडवावयाचा. परंतु ठेकेदाराच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मुकादम खडकाच्या आडोशाला उभा राहून म्हणाला, "आहे का कोणी मर्द?" एकोणीस वर्षांचा एक पोरगा पुढे झाला. आम्ही बाकीच्यांनी त्याला चढविले. त्या चढविणाऱ्यांत माझाही आवाज होता. पोरगा गेला, वाकला आणि बार उडाला.

त्याचा एक डोळा आणि उजव्या हाताची तीन बोटे गेली. ठेकेदाराने दवाखान्यात येऊन त्याच्या गळ्यात हार घातला आणि "फार शूर पोरगा," असे चारचौघांत सांगितले. पुढे नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला, तेव्हा त्याच ठेकेदाराचा वकील म्हणाला, की याला कोणी पाठविलेच नव्हते, हा आपल्या मर्दुमकीने गेला. जो शब्द हारासारखा गळ्यात पडला होता, तोच दाव्याच्या आड आला. भरपाई मिळाली, परंतु फार उशिरा आणि फार थोडी. त्या दाव्याच्या फेऱ्या मारता मारताच मी संघटनेच्या कामात ओढला गेलो. तेव्हापासून 'शूर' हा शब्द ऐकला, की मी प्रथम विचारतो: म्हणणारा कोठे उभा आहे?

राणे कोण होते

आता राण्यांकडे येऊ. त्यांचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिये गावचा. त्या काळी कारवार मुंबई इलाख्यात होते. आज तो भाग कर्नाटकात आहे. वडील पोलिसात शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण गावोगावच्या शाळांत झाले. जुलै १९४० मध्ये, बाविसाव्या वर्षी, राणे बाँबे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. पुण्याजवळ खडकीला ज्यांचे केंद्र आहे, ज्यांना आपण बाँबे सॅपर्स म्हणून ओळखतो, तेच हे दल. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. शिपायापासून एकेक पायरी चढत ते डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिडीची ही त्या काळची सर्वांत खालची पायरी. बहुतेक तरुण ती विशी-बाविशीत चढत, राणे चढले तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. म्हणजे हा अधिकारी फावडे-कुदळीपासून आलेला होता.

सॅपर म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. पायदळ जागा जिंकते आणि राखते. पायदळाला व रणगाड्यांना पुढे जाण्यासाठी वाट लागते, पूल लागतो, आणि शत्रूने पेरलेले सुरुंग कोणी तरी काढावे लागतात. ते काम सॅपरचे. लढाईतला गवंडी, सुतार, बिगारी आणि सुरुंगवाला, सर्व एकाच गणवेशात.

नौशेरा ते राजौरी

देशाची फाळणी झाल्यावर ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर हल्ला झाला. जम्मूच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूखही त्यात सापडला. राजौरी हे गाव नोव्हेंबर १९४७ मध्ये हल्लेखोरांच्या हाती पडले आणि तेथे नागरिकांची भयंकर कत्तल झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला आपल्या सैन्याने परतविला, मार्चमध्ये झांगर परत घेतले, आणि एप्रिलमध्ये राजौरीकडे कूच सुरू झाली.

नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारी वाट जुनी आहे. मोगल बादशहा याच वाटेने पीरपंजाल ओलांडून काश्मीरला जात. वाटेत चिंगस नावाचे ठिकाण आहे. काश्मीरहून परतताना १६२७ मध्ये जहांगीर बादशहा वारला, तेव्हा त्याची आतडी तेथे पुरली, असे सांगतात. रस्ता एक आणि अरुंद, डोंगराला वेढे घेत जाणारा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार, खाली तवी नदी. रस्ता अडला की मागचे सगळेच अडले, कारण रणगाडा काही बकरीसारखा कडा चढू शकत नाही.

शत्रूने नेमके हेच हेरले होते. पाइनची मोठी झाडे पाडून रस्त्यावर आडवी टाकली होती. मोऱ्या सुरुंगांनी उडविल्या होत्या, रस्त्याची कड जागोजाग ढासळविली होती. झाडांच्या भोवती सुरुंग पेरले होते आणि समोरच्या टेकडीवरून मशीनगन त्यावर रोखल्या होत्या. यातली शेवटची गोष्ट ध्यानात घ्या. नुसते आडवे झाड म्हणजे दोन तासांचे काम. परंतु त्या झाडावर बंदूक रोखलेली असेल, तर झाड हटविणाऱ्याला आपले काम शत्रूच्या नेमापुढे उभे राहून करावे लागते. तो गोळीला गोळीने उत्तर देऊ शकत नाही, कारण त्याच्या हातात कुदळ असते.

सुरुंग काढण्याची रीतही थोडक्यात सांगतो. रणगाड्यासाठीचा सुरुंग जमिनीत वीतभर खोलीच्या आतच पुरलेला असतो. वरून वजन पडले की फुटतो. माणसाच्या पावलाने तो सहसा फुटत नाही, परंतु त्याच्या शेजारी माणसासाठीचे लहान सुरुंग पेरण्याची चाल आहे. शोधणारा संगिनीने किंवा सळईने जमीन चाचपतो. सळई उभी खुपसायची नाही, तिरपी घालायची, म्हणजे ती सुरुंगाच्या माथ्यावर न बसता कडेला लागते. लागली की भोवतीची माती बोटांनी दूर करायची, खाली दुसरा सापळा लावला नाही ना ते पाहायचे, चाप निकामी करायचा आणि मग तो बाहेर काढायचा. या कामात घाई चालत नाही. हात थरथरून चालत नाही. आणि हे सर्व वरून गोळ्या येत असताना करावयाचे.

चार दिवसांचा हिशेब

राण्यांचे प्रशस्तिपत्र मी प्रथम वाचले तेव्हा त्यातल्या एका गोष्टीने मला धरून ठेवले. शौर्याची वर्णने बहुधा एका क्षणाची असतात. या कागदात मात्र वेळा दिलेल्या आहेत. काम केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले. तो मला एखाद्या हजेरीपटासारखा वाटला. म्हणून मी तसाच वाचून दाखवितो.

८ एप्रिल १९४८. रस्त्याच्या २६ व्या मैलाजवळ राणे आणि त्यांची तुकडी रणगाड्यांपाशी काम सुरू होण्याची वाट पाहत होती. सकाळी अकराच्या सुमारास तेथे उखळी तोफांचे गोळे पडू लागले. तुकडीतले दोघे जागीच ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्या माणसांची पुन्हा जुळणी केली आणि काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली धार हाती आली. ती ४ डोग्रा या पायदळाच्या पलटणीने जिंकली. शत्रू अजून आसपास होता. तरीही राणे माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी बाजूने वाट पाडू लागले. रात्री दहा वाजता काम थांबले.

९ एप्रिल. सकाळी सहाला सुरुवात. दुपारी तीनला बाजूची वाट तयार. रणगाडे निघाले, तेव्हा राणे सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये बसले. कॅरिअर म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी अशी लहान गाडी. अर्ध्या मैलावर आडवी झाडे. उतरून ती दारूने उडविली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडविलेली मोरी. काम सुरू करण्यापूर्वीच मशीनगन सुरू झाल्या, तरी बाजूने वाट काढली. सव्वासहाला उजेड मावळत असताना पाच मोठ्या झाडांचा अडथळा आला, भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा मारा. राण्यांनी सुरुंग काढावयास घेतले. परंतु रणगाड्यांच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून रात्रीपुरता तळ ठोकला.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला त्याच अडथळ्यावर पुन्हा काम. या वेळी रणगाड्यांची एक तुकडी पाठीशी घेतली होती. साडेसहाला तो अडथळा दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि ढासळलेल्या कडांची रांगच. साडेदहापर्यंत तेही मोकळे झाले. रणगाडे तेथून रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. राणे मात्र रस्त्यावरच राहिले. मागून रसदीच्या गाड्या यावयाच्या होत्या. अन्न नाही, विसावा नाही, रात्री नऊपर्यंत काम.

११ एप्रिल. सकाळी सहाला सुरुवात. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. त्यानंतर पुढचा रस्ता साफ करण्याचे काम रात्री दहापर्यंत.

दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, आपले सैन्य राजौरीत शिरले.

मी कामगार चळवळीतला माणूस. तास मोजण्याची मला खोड आहे. या चार दिवसांची बेरीज सुमारे पंचावन्न तास होते. योगायोग असा, की त्याच १९४८ साली आपल्या देशात कारखान्यांचा कायदा झाला आणि प्रौढ कामगाराच्या कामाला आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा पडली. त्या कायद्याचा आठवडा जेवढा, त्याहून अधिक काम एका जखमी माणसाने चार दिवसांत, गोळ्यांच्या माऱ्यात केले.

हे शौर्य कोणत्या जातीचे?

१९४७-४८ च्या त्या युद्धासाठी पाच परमवीरचक्रे दिली गेली. मेजर सोमनाथ शर्मा, नायक जदुनाथ सिंग, कंपनी हवालदार मेजर पीरू सिंग, लान्स नायक करम सिंग आणि राणे. पहिले चौघे पायदळाचे. जागा राखताना किंवा मोर्चे घेताना त्यांनी पराक्रम केला आणि त्यातले तिघे धारातीर्थी पडले. राणे एकटे इंजिनिअर दलाचे. परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली. नव्या प्रजासत्ताकाने आपल्या सर्वोच्च पदकांच्या पहिल्या मालिकेतच रस्ता मोकळा करणाऱ्याला पायदळाच्या वीरांच्या पंक्तीला बसविले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाँबे सॅपर्सना हे नवे नव्हते. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत याच दलाचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या टापूत पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी करविली होती. त्यांची गाडी सुरुंगांवर उडाली आणि कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा राण्यांना दलात येऊन वर्षही झाले नव्हते. दोघांचेही काम तेच, हुद्दा तोच आणि दिवसही चार.

आता आपण माझ्या मूळ प्रश्नाकडे येऊ. खाणीतला तो पोरगा आणि राणे, दोघेही न फुटलेल्या दारूकडे चालत गेले. मग एकाला मी थांबवावयास हवे होते आणि दुसऱ्यापुढे मी मान लवावी, असे का? मला तीन कारणे दिसतात.

पहिले असे, की राणे जाणते होते. आठ वर्षे त्यांनी हे काम शिकण्यात आणि करण्यात घालविली होती. त्यांच्या चार दिवसांत अविचार कोठे दिसत नाही. गोळे पडल्यावर त्यांनी आधी माणसांची जुळणी केली. ९ तारखेच्या संध्याकाळी प्रमुखाने तळ ठोकला तेव्हा अडथळा तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी पाठीशी रणगाडे घेऊन मगच त्याला हात घातला. ज्या सुरक्षेची तेथे सोय होऊ शकत होती, ती त्यांनी सोडली नाही. उरलेला धोका मात्र पत्करला.

दुसरे असे, की ते पुढे होते. आमचा मुकादम खडकाच्या आड उभा होता. राणे पहिल्या गाडीत होते. हुकूम देणारा आणि धोका घेणारा जेथे एकच असतो, तेथे 'चला' या शब्दाला अर्थ येतो. जेथे ते दोघे वेगळे असतात, तेथे 'शूर' या शब्दाची मला धास्ती वाटते.

तिसरे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की ते काम कशासाठी होते, हे त्यांना ठाऊक होते. १० तारखेला रणगाडे नदीच्या पात्रातून निघून गेले, तेव्हा लोकांनी ज्याला लढाई म्हणावे ती पुढे निघून गेली होती. मागे उरला होता तो नुसता रस्ता. परंतु रणगाडे जिंकतात ती जागा धान्यावाचून, दारूगोळ्यावाचून, औषधावाचून टिकत नाही, आणि राजौरीत मागे उरलेल्या माणसांना मदत पोचवावयाची तर ती याच रस्त्याने. म्हणून बाजूला बघावयास कोणी नसताना, पोटात अन्न नसताना, हा माणूस रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करीत राहिला. खाणीतल्या पोराने जीव धोक्यात घातला तो कशासाठी? ठेकेदाराच्या गाड्या वेळेवर भरल्या जाव्यात म्हणून. तो भित्रा नव्हता. त्याच्यात जे होते ते राण्यांत होते तेच होते, असे मी आजही मानतो. फरक त्याला पाठविणाऱ्यांत होता, आणि त्या पाठविणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून मी कामगारांना 'धाडस करू नका' असे सांगतो, तेव्हा शौर्याची निंदा करीत नाही. मी म्हणतो, तुमचे शौर्य फार किमती आहे, ते कोणाच्या खोळंबलेल्या गाड्यांसाठी उधळू नका.

ते दोघे

राणे पुढे मेजर झाले आणि १९६८ मध्ये निवृत्त झाले. जुलै १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. भारतीय नौवहन महामंडळाने आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले होते, आणि २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. हा सर्व सन्मान योग्यच आहे.

परंतु त्या प्रशस्तिपत्रात आणखी दोन माणसे आहेत. ८ एप्रिलला सकाळी अकरा वाजता, काम सुरू होण्याआधीच, जे ठार झाले ते. तेथे त्यांची नावे नाहीत, आकडा आहे. त्यांना एकही सुरुंग काढता आला नाही, एकही झाड हटविता आले नाही. ते केवळ कामावर हजर होते. अपघातांच्या नोंदींत असे आकडे मी पुष्कळ पाहिले आहेत. दोन ठार, पाच जखमी. आपण पुढच्या ओळीकडे जातो. माझी विनंती एवढीच, की राण्यांचे नाव आपण घेऊ तेव्हा त्या दोघांसाठीही क्षणभर थांबावे, कारण राणे त्या तुकडीचे होते आणि तो रस्ता त्या तुकडीने उघडला.

खाणीतला तो पोरगा आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याची लहानशी चहाची टपरी आहे. अधूनमधून मी तेथे जातो. मी राण्यांची ही हकीकत त्याला एकदा सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि एकच विचारले, "साहेब स्वतः पुढे होते?" मी म्हटले, होय, पहिल्या गाडीत. त्यावर तो म्हणाला, "मग ठीक आहे." आणि डाव्या हाताने त्याने मला चहा दिला.